माझं एक पातं रुंदच आहे

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी वल्हं आहे, कयाक ही निमुळती नाव चालवायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं. आधीच सांगून ठेवतं: माझी उजवी बाजू आखूड आहे आणि तिकडचं पातं बोटभर रुंद आहे. नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

मला घडवलं एका सुतारकाम करणाऱ्या मावशीनं, आपल्या भाचीसाठी. भाचीचा उजवा हात लहानपणी मोडला, तो पुढे नीट वाढलाच नाही. तळ्यावरच्या नौका क्लबातलं प्लास्टिकचं वल्हं घेतलं की तिची नाव जागच्या जागी गोल फिरायची. मावशीनं तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला लावले आणि दोन्हीकडे पेन्सिलीनं खुणा केल्या. त्या मापानं मला देवदाराच्या फळीतून कापलं, रंधलं, काचेच्या तुकड्यानं खरवडलं, जवसाचं तेल पाजलं. आखूड हाताला पाणी जास्त मिळावं म्हणून तिकडचं पातं रुंद ठेवलं. त्यानंतर नाव सरळ जाऊ लागली.

मग परीक्षा आली. तळं पार केलं तरच एकटीनं नाव न्यायची परवानगी मिळणार होती. आदल्या संध्याकाळी क्लबातल्या सरांनी मला पाहिलं. माणूस भला, पण हात शिवशिवतात. सुतारीणबाईंचं माप चुकलं असं समजून त्यांनी रंधा घेतला आणि माझं रुंद पातं दुसऱ्याएवढं करून टाकलं. वर तेलही लावलं. आतल्या आत मी कितीदा ठणकावून सांगितलं, पण वल्ह्याचं ऐकतो कोण?

सकाळी नाव पाण्यात गेली ती उजवीकडे वळू लागली. सरांनी कौतुकानं आपली दुरुस्ती सांगितली. काठावर उभ्या मावशीचा चेहरा पडला. सर ओशाळले, म्हणाले, पुढच्या महिन्यात ये. भाची नावेतून उतरलीच नाही.

"मी आजच जाणार, सर. आणि हेच घेऊन जाणार."

दर चार फटक्यांना उजवीकडे एक जादा फटका मारत ती गेली. बाकीचे केव्हाच पोचले होते. तिच्या तळव्यांना फोड आले, मला रक्त लागलं, पण पलीकडच्या काठाला आम्ही टेकलो.

मावशीनं नंतर माझ्या उजव्या पात्याला लाकडाची पट्टी जोडून ते पुन्हा रुंद केलं. तो सांधा दिसतो, दिसू दे. मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल लावा, उन्हात टाकू नका. पण रंधा उचलण्याआधी एवढं विचारा, हे कुणाच्या हातासाठी केलंय?