मैदानाकडे पाठ

स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये मर्लने पिकअपचा मागचा फाळका खाली पाडला, त्यावर खिमा-राजम्याच्या चिलीचं पातेलं ठेवलं आणि झाकण काढायच्या आधीच तोंड उघडलं.

"आपली बचावफळी काल माझ्या स्वप्नात आली होती. तिथेही कुणी कुणाला धरलं नाही."

"किती टचडाउन खाल्ले?" ड्वेनने विचारलं.

"सहा. मग लघवीला उठलो, म्हणून वाचलो."

लॉर्ना हसली, हसायला हवं म्हणून हसली. ओमाहाहून निघाल्यापासून, कापणी झालेली मक्याची शेतं दोन्ही बाजूंनी मागे पडत असताना, ती एकच वाक्य मनात घोळवत होती. पुढच्या वर्षापासून मी स्टेडियममधल्या आमच्या दोन्ही जागा सोडते आहे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा आज हंगामातला शेवटचा सामना होता. वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांच्या या दोन मित्रांना हे आजच सांगायला हवं होतं. पण मर्लने तिच्या हातात चिलीचा वाडगा दिला, वर बायकोने केलेला दालचिनीचा गोड रोल ठेवला, आणि वाक्य राहिलं.

"धरायचं सोडून बाजूला होतात," ड्वेन रोल चिलीत बुडवत म्हणाला. "पाहुणा आल्यासारखी वाट करून देतात. कॉफी घेणार का, एवढंच विचारायचं बाकी असतं."

"आणि तो आपला किकर?"

"त्या पोराचं नाव जेवताना काढू नकोस."

"एकदा खांबांच्या डावीकडे, एकदा उजवीकडे. मागच्या शनिवारी तर स्वतःच्याच गड्याच्या पाठीत मारला." मर्लने चमचा लॉर्नाकडे रोखला. "खरं सांगू का, पोरी? एमिल गेला आणि आपला चेंडू सरळ जायचा थांबला. कुणीतरी वळायला हवं. तू वळायला हवंस."

"मर्ल," ड्वेन म्हणाला.

"बोलू दे मला. सगळा हंगाम गप्प बसलो."

"तू? गप्प?"

"मी नाही वळणार," लॉर्ना म्हणाली. "बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता."

"एमिलचा? अगं, तो प्रत्येक सामन्याला तेच मोजे घालून यायचा. आम्ही वाऱ्याची दिशा बघून बसायचो!"

या वेळी ती खरंच हसली, आणि मग चिलीत बघत राहिली.

वळण्याची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक होती. लॉर्ना नऊ वर्षांची असताना याच मैदानावर शेवटच्या क्षणी एक किक दोन खांबांमधून आत गेली होती. इतक्या लांबून, की कॉलेजात अजूनही तिचं नाव काढतात. सगळं स्टेडियम ओरडत उभं राहिलं, आणि एमिल व्हॅनेक मात्र मैदानाकडे पाठ करून मुलीच्या टोपीचे बंद हनुवटीखाली बांधत होता. ती किक न पाहिलेला तो एकटाच माणूस. त्यानंतर मित्रांनी त्याला कुठलीच किक पाहू दिली नाही. किकर मैदानात आला की ओळीतून आरोळी उठायची, "एमिल, वळ!" आणि धान्याच्या कोठारावर आयुष्य काढलेला तो उंच, रुंद माणूस निमूटपणे वळायचा. वरच्या रांगांमधले अनोळखी लोकही हसायचे.

त्या वर्षी शेजारच्या जागा मिळाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या दोन जागा एकामागे एक होत्या. पुढे वडील, मागे ती. नंतर सोय झाली तरी त्यांनी कधी बदलून घेतल्या नाहीत. "बाबा, डोकं खाली घ्या," हे तिचं लहानपणापासूनचं पालुपद. या हंगामात तिला पहिल्यांदाच अख्खं मैदान दिसत होतं, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

सामना ठरल्यासारखा झाला. मध्यंतरापर्यंत तीन टचडाउन खाल्ले, नंतर आणखी दोन. मर्ल तिच्या शेजारी बसून प्रत्येकाला वेगळी शिवी देत होता. पाचव्याला त्याच्याही शिव्या संपल्या. पुढच्या बाकावर ड्वेन, आणि त्याच्या शेजारी वडिलांच्या जागेवर तिघांच्या जॅकेटांचा ढीग. उन्हं उतरली तसे लोक घोंगड्या गुंडाळून निघू लागले.

आता सांगून टाकावं, असं लॉर्नाला वाटलं. निघता निघता सांगणं सोपं पडेल.

तेवढ्यात आपल्या संघाने, कसा कोण जाणे, चेंडू खांबांच्या जवळ नेला. आणि कोचने किकरला पाठवलं.

"तीन गुणांनी काय होणार आता?" ड्वेन म्हणाला.

"शून्य तरी पुसलं जाईल," मर्ल म्हणाला. पोरगा एकटाच उभा राहून हवेत पाय झुलवून बघत होता. वरून कुणीतरी हुर्यो उडवली. मर्ल गुडघे धरत उठला. त्याने एकदा लॉर्नाकडे पाहिलं.

लॉर्नाही उठली. बाक ओलांडून ती पुढच्या रांगेत उतरली, जॅकेटं बाजूला सारली, वडिलांच्या जागी उभी राहिली आणि वळली.

समोर तिची स्वतःची रिकामी जागा होती. इतकी जवळ, की हात लांब केला असता तर तिथल्या माणसाची टोपी नीट करता आली असती. तिथे बसून ती नेहमी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायची, मान उंचावून, चेंडूकडे. ते कुठे बघत असतील, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. दातांना तार होती तेव्हा, कॉलेज अर्धवट सोडलं त्या वर्षी, घटस्फोटानंतरच्या हिवाळ्यात ती कुणाशी बोलत नव्हती तेव्हाही. दर किकला.

मागे चेंडूवर पाय बसल्याचा आवाज आला. तिने मर्लच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर वर चढली, उजवीकडे सरकू लागली, आणि चेहरा पडला. मग खांबाचा खण्णकन आवाज झाला, आणि मर्लच्या भुवया टोपीत गेल्या.

"आत!" ड्वेन ओरडला. "खांबाला आपटून आत! पाहिलंस?"

"नाही," लॉर्ना म्हणाली. "मर्ल, तुम्ही रडताय का?"

"थंडी आहे," मर्ल म्हणाला, आणि बाहीने नाक पुसलं.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग त्याही थांबल्या. ड्वेनने जॅकेट उचललं, ते हातातच धरून ठेवलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी येशील ना? तुला लांब पडतं. आम्ही समजू शकतो."

घोळवलेलं वाक्य ओठांशीच होतं.

"पुढच्या वर्षी मी इथे बसेन," ती म्हणाली. "पुढे."

"आणि मागच्या जागेवर?"

"जॅकेटं ठेवू."

"थांब, थांब," मर्ल म्हणाला. "म्हणजे दर किकला तुला माझंच थोबाड दिसणार?"

"बचावफळीपेक्षा बरं आहे."

ती मैदानाकडे वळून बसली. बाक गार पडला होता. समोर चेंडू परत दुसऱ्या संघाच्या हातात गेला होता. त्यांचा एक गडी तो घेऊन सुसाट निघाला, आणि आपले सगळे एकेक करून बाजूला झाले.