कपाळभर मलम

मलमाची ट्यूब माझ्या करंगळीएवढी होती, पण तिच्याबरोबर आलेला कागद उलगडला की शिवणाचं अर्धं टेबल झाकायचा. पहिल्याच दिवशी मी तो वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदापाशी घडी घालून डब्यात टाकला. नको ते वाचायचं आणि मग दिवसभर जीव टांगणीला लावून बसायचं, हे सांगितलंय कुणी?

माझा नवरा इमारती बाहेरून रंगवतो. एकतीस वर्षं त्यांनी परांचीवर उभं राहून भिंती रंगवल्या आणि उन्हानं त्यांचं कपाळ. सगळे त्यांना पेंटर म्हणतात. रागावले की मीही पेंटरच म्हणते, एरवी अहो. कपाळावर तीन खरखरीत डाग होते. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. वर्षभर हे आपले "रंग उडालाय गं" म्हणून उडवून लावत राहिले. शेवटी मीच त्यांना ओढत त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी भिंगातून नीट पाहिलं. म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर होऊ शकतो."

मी खुर्ची पुढं ओढली. पेंटर मात्र पेंटरच. "मग खरवडून टाका की तीन पोपडे," म्हणाले.

"तीन दिसतात म्हणून तीनच आहेत असं नाही," बाई म्हणाल्या. "ऊन सगळ्या कपाळाला लागलंय. भुवयांच्या वरपासून केसांपर्यंत सगळीकडे पातळसं लावायचं. सकाळ-संध्याकाळ, चार आठवडे. जिथं आतून बिघडलंय तिथं लाल होईल, चुरचुरेल, सोलेल. घाबरून थांबायचं नाही. लाल झालं म्हणजे मलम काम करतंय."

लावायचं काम माझ्याकडे आलं. यांना आरशाचा कंटाळा. दाढीसुद्धा हातानं चाचपून करतात. "तू आहेस की," म्हणायचे आणि स्टुलावर बसून डोळे मिटायचे. मी हातमोजा चढवून बोटानं लावत जायची. मी रफू करते, बारीक कामाची मला सवय आहे. माझ्या दुकानातून कोट नेणाऱ्याला भोक कुठं होतं ते सापडत नाही.

सहाव्या दिवशी कपाळ पेटलं. तीन डाग लालबुंद, आणि त्यांच्या आजूबाजूला, वर, कानशिलापर्यंत गुलाबी ठिपके. सातव्या दिवशी पेंटर भर दुपारी घरी आले. डबा न उघडलेला.

"काय झालं?"

"मुकादम म्हणाला, चेहरा बरा होईपर्यंत येऊ नका. तिथली घरमालकीण म्हणते, लेकरांना लागण होईल."

"लागण? तुम्ही सांगितलं नाही का तिला?"

"सांगितलं. ती लांबूनच हो हो म्हणाली."

मग ते बसले आणि धुतलेले ब्रश पुन्हा धूत राहिले. एकेक केस सुटा करून. मला त्या घरमालकिणीचा इतका राग आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. पण राग काढणार कुणावर?

मी काढला तो मलमावर. त्या संध्याकाळपासून मी फक्त तीन डागांवर मलम लावू लागले. अगदी कडेकडेनं, नेमकं. बाकीच्या कपाळावर साधं, बाळांना लावतात ते लोशन चोळायची. त्यांना कळणार कसं? डोळे मिटलेले. आठ-दहा दिवसांत ठिपके मावळले. तीन डाग टोपीखाली झाकले गेले आणि पेंटर कामावर परतले. पायऱ्या उतरताना शीळ घालत होते. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि स्वतःला सांगत होते, जिथं दिसतंय तिथं लावतेच आहे ना.

पण मनाला थारा नव्हता. सुई बोटात घुसायची. एकदा एका गिऱ्हाइकाचं पोर हसलं, "मावशी, बाही उलटी लावलीत." खरंच लावली होती.

चार आठवडे झाले, नंतर जखमा भरायला वेळ दिला आणि आम्ही पुन्हा बाईंकडे गेलो. तीनही डागांच्या जागी नवी, गुलाबी कातडी आली होती. बाई खूश झाल्या.

"हिचा हात आहे," पेंटर म्हणाले. "टाका चुकत नाही हिचा."

मी पर्सचा बंद पिळत राहिले. बाईंनी कपाळावरून बोट फिरवलं. डाव्या कानशिलावर, केसांच्या कडेला, बोट थांबलं. "इथं जरा खरखरीत आहे. पण चार आठवडे मलम लावूनही इथं काही उमटलं नाही ना? मग काळजीचं कारण दिसत नाही. सहा महिन्यांनी या."

पेंटर उठलेसुद्धा. टोपी डोक्यावर चढली. बाई लिहीत होत्या. मला फक्त गप्प राहायचं होतं. आम्ही घरी गेलो असतो, ते शीळ घालत, मी त्यांच्या मागे.

मी उठले नाही.

"तिथं मलम लावलंच नाही," मी म्हणाले. "पहिले सहा दिवस लावलं, तेव्हा ठिपके उठले होते. मग नाही. मी साधं लोशन लावत होते."

बाईंचं पेन थांबलं. पेंटर माझ्याकडे वळले आणि बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाई ओरडल्या नाहीत. "आत्ता सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या, आणि कानशिलावरचा मसुराएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला.

परतताना पेंटर दोन पावलं पुढं चालत होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "मला विचारायचं तरी. कपाळ माझं होतं."

दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ऐकवते, की भोकाला भोकापुरतं शिवलं तर आजूबाजूचं विरलेलं कापड महिन्यात फाटतं. लांबून, दमदार कापडापासून सुरुवात करावी लागते. परक्यांच्या कोटांना मी हे शहाणपण वाटलं, आणि माझ्या माणसाच्या कपाळाला मात्र भोकापुरतं ठिगळ लावलं. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता. अगदी वरच्या थरातला, बाई म्हणाल्या, खोल गेलेला नाही. तेच मलम, या वेळी सहा आठवडे, पुन्हा कपाळभर, कानशिलावर जास्त लक्ष देऊन. त्यानं नाहीच गेला तर कापून काढू. "वेळेत सापडलाय," त्या दोनदा म्हणाल्या. मी दोन्ही वेळा मान हलवली. अजून सहा महिने गेले असते तर, हे मी विचारलं नाही.

पेंटरनी मुकादमाला स्वतःच फोन केला. "सहा आठवडे येणार नाही. चेहरा बिघडणार आहे," म्हणाले, आणि त्याचं उत्तर न ऐकता फोन ठेवला.

संध्याकाळी मी स्टूल ओढलं, हातमोजा चढवला. बोटावर मलम घेतलं आणि सवयीनं कानशिलावरच्या खुणेकडेच नेलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात वर, पार दुसऱ्या टोकाला, केसांच्या कडेला नेऊन ठेवला.

"लांबून सुरू कर," म्हणाले.

मी लावत गेले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नव्हते. मांडीवर ठेवलेला आरसा उचलून त्यांनी समोर धरला होता आणि माझं बोट जिथं जिथं फिरत होतं, तिथं तिथं ते बघत होते.