खोळीतली सहा वर्षं

मी एक जुना डिजिटल फळा आहे. जुना म्हणजे मोजून सहा वर्षांचा, मित्रांनो; पण ती सगळी खोळीत गेली. नुसतं बसूनही थकायला होतं, हे मला विचारा.

चिखलीजवळच्या अध्यापक विद्यालयात मी आलो, तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. आपले शिक्षक आता नव्या जमान्याचे होतील, असं प्राचार्य चिंतामण सर म्हणाले. फोटो झाले. मग सरांनीच मला लाल खोळ घातली, तिला कुलूप लावलं नि चावी कपाटात ठेवली. पोरं बोटं लावतील, बिघडेल! झालं माझं कौतुक.

गंमत पाहा. होणारे गुरुजी सराव पाठाचं टाचण लिहीत, तेव्हा 'साहित्य' या रकान्यात माझं नाव हमखास असे. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं. पुढे 'वापर केला' आणि खाली सरांची सही. अहो, मला कुणी चालूसुद्धा केलं नव्हतं! मी भिंतीवर मुकाट ऐकत राहायचो.

प्रतीक्षानंही तसंच लिहिलं. पोरगी मन लावून शिकणारी. महिनाभर शिकवायला ती संग्रामपूरकडच्या शाळेत गेली. तिथं माझाच एक भाऊबंद होता. वर्ग वाट पाहतोय, नि हिला तो चालूच करता येईना. शेवटी चौथीतली छकुली उठली नि म्हणाली, "मॅडम, मी लावून देऊ काय? तुमाले कोणी शिकवलं नाही काय?"

परत आल्यावर प्रतीक्षानं हे सरांना माझ्यासमोरच सांगितलं. आठ दिवसांवर तिचा परीक्षेचा पाठ होता. तिनं चावी मागितली.

"अन् बिघडला तं?" सर म्हणाले.

"सर, तो झाकून झाकूनच बिघडून राह्यला. अन् मी बी."

सरांनी कपाट उघडलं.

खोळ निघाली. माझी उजवी बाजू बोटाला दादच देईना; ती कायमची गेली होती. मला फार वाईट वाटलं. प्रतीक्षा डावीकडे सरकली. लिहिलं, चुकलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. थोड्या वेळानं सरही खुर्ची ओढून शिकायला बसले. जाताना तिनं टाचणातलं 'वापर केला' खोडून 'आजपासून शिकते आहे' असं लिहिलं, आणि सरांनी त्याखाली सही केली.

मित्रांनो, माझे फार दिवस उरले नाहीत. एकच मागणं आहे. मला जपू नका, बोटं लावा. माझी डावी बाजू तरी वापरून संपू द्या.