घासागणिक आमेन

"आमेन," दानिएल पाळकसाहेब म्हणाले आणि सहादूने तोंड उघडलं. खिचडीचा घास आत गेला.

"प्रत्येक घासाला म्हणायचं?" शेजारी उभ्या असलेल्या स्नेहाने विचारलं. ती महिनाभरापूर्वीच आश्रमात कामाला लागली होती.

"प्रत्येक घासाला. चूक माझीच."

बावीस वर्षांपूर्वी लासलगावच्या मालनबाईने हातपाय आखडलेला, न बोलणारा आपला तरणा लेक सहादू नाशिकच्या या अपंगांच्या आश्रमात आणून सोडला, तेव्हा तो तोंडच उघडत नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वैतागून जेवणाची प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवली आणि 'आमेन' म्हणताच पठ्ठ्याने आ केला. तेव्हापासून हाच रिवाज. साहेबांनी जन्मभर उपदेश केले, पण इतका लक्ष देणारा श्रोता त्यांना चर्चमध्ये कधी मिळाला नाही.

शनिवारी साहेब निवृत्त होणार होते. आवारातलं घर सोडून सातपूरला भाड्याच्या खोलीत जायचं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःचं ते कसंही निभावून नेणार होते, घोर होता तो सहादूचा. मागे डेंग्यूने साहेब चार दिवस दवाखान्यात होते, तेव्हा त्याने दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेतला नाही. शेवटी नाकातून नळी घातली आणि ती उपसू नये म्हणून त्याचे हात खाटेला बांधले. ते बांधलेले हात साहेबांच्या डोळ्यांपुढून जात नव्हते.

"आम्ही बौद्ध, साहेब. मी म्हटलं तर चालेल?" स्नेहाने विचारलं. यापुढे सहादूला तीच भरवणार होती.

"देवाला चालेल. सहादूला चालतंय का बघू."

चाललं नाही. तीन दिवस स्नेहा आमेन म्हणत राहिली आणि सहादू तोंड मिटून साहेबांकडे बघत राहिला. शेवटी साहेबच त्याला भरवत.

शुक्रवारी ती म्हणाली, "राग मानू नका साहेब, पण तुम्ही समोर असलात की तो माझ्याकडे बघतच नाही. जरा बाहेर थांबा ना."

ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आतून 'आमेन' ऐकू आलं, मग काहीच नाही. पुन्हा 'आमेन', पुन्हा काहीच नाही. साहेबांच्या अगदी जिभेवर 'आमेन' आलं. त्यांनी इथूनच म्हटलं असतं तरी सहादू जेवला असता. मग त्यांच्यावाचून चालत नाही म्हणून आश्रमाच्या समितीने त्यांना राहूही दिलं असतं. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"हे बघ सहादूभाऊ," आत स्नेहा म्हणत होती, "मलापण भूक लागलीय. तुझं झाल्याशिवाय माझी सुटका नाही. आमेन."

चमचा ताटलीवर वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"साहेब, खातोय तो. या ना बघायला."

"नको," साहेब बाहेरूनच हळू म्हणाले. "मला बघून थांबेल."

रविवारी दुपारी सातपूरच्या खोलीत ते एकटेच जेवायला बसले. प्रार्थना झाली, पहिला घास खाल्ला. दुसरा उचलला तो तोंडाजवळच थांबला. खालून पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली जात होत्या.

"आमेन," साहेब स्वतःलाच म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.