पडद्यावरचा आकडा

"बिरुदेव, किती आलाय आकडा?" दिपालीने दुसऱ्यांदा विचारलं.

मागाशेजारच्या छोट्या पडद्याला नाक टेकेल इतका बिरुदेव वाकला होता. चादरीत मोर उमटवणारा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला, आणि सकाळपासून प्रत्येक मोराची मान तुटून येत होती. कारखान्याच्या मालकाचा फोन आला तशी दिपाली त्याला गाडीत घालून घेऊन आली होती. कंपनी तिची, पण असल्या अडचणीत भरवसा त्याच्यावरच.

बोटं सवयीनं चालली होती. मान विणली जाते त्या ओळीवर त्यानं ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे प्रोग्रॅम तिथवर येऊन थांबणार आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते विचारता येणार. प्रोग्रॅम थांबला. दोरे किती, असं त्यानं विचारलं. काळ्या पडद्यावर उत्तर उमटलंही. पण तो जिथं बघे, नेमका तिथंच धुरकट डाग येई. ऑफिसात तो अक्षरं बोटभर मोठी करून घ्यायचा. डोळे थकतात, म्हणायचा. इथली अक्षरं मोठी होत नव्हती.

"मॅडम, तुमीच वाचा की."

"समोर तर आहे."

"मला दिसत न्हाय."

दिपाली खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिनं आकडा वाचला. त्यानं आणखी पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला. तिनं वाचलं. ओळ बदलताना एक दोरा सुटत होता. काय बदलायचं ते त्यानं सांगितलं, तिनं टाइप केलं.

माग सुरू झाला, मोर अखंड उतरला. मालकानं खूश होऊन हात पुढे केला. तो हात बिरुदेवाला फार उशिरा दिसला.

परतताना गाडीत दिपालीनं विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं. मदोमद दिसतच न्हाय. डॉक्टर म्हणले, गेलेली नजर परत येत न्हाय."

"घरी माहितीये?"

"न्हाय. पूनम रोज माज्या गाडीवर मागं बसती. तिला काय सांगू?"

"आज गाडी चालवू नका." मग ती म्हणाली, "पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. शिकाल?"

"शिकीन की," तो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी औषधाच्या दुकानातली ड्यूटी संपवून त्याची बायको पूनम नेहमीसारखी ऑफिसखाली आली. बिरुदेवानं किल्ली तिच्यापुढे धरली.

"आज तू चालव."

का, असं तिनं विचारलं नाही. ओढणी कमरेला खोचली, गाडी सुरू केली. तो मागं बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, मग त्यानं दोन्ही हातांनी मांडीवरची पिशवी धरली.

ती सावकाश चालवत होती. मान न वळवता मधूनच बोलत होती.

"पुढं खड्डा हाय."

गाडीनं गचका दिला.

"आता उजवीकडं वळतीय. धरून बसा."

सात रस्ता चौकातल्या गर्दीतही तिचं सांगणं चालूच होतं. म्हैस आडवी आली ते, सिग्नल लाल झाला ते.

बिरुदेवानं तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.