घर कोणत्या गल्लीत?

चेन्नईत तांबरमजवळच्या एका कंपनीत सकाळपासून मुलाखती चालल्या होत्या. सांगलीहून आलेली रुचिरा आज पहिल्यांदाच मुलाखत घ्यायला बसली होती. शेजारी विभागप्रमुख राजगोपाल, तंजावरच्या मराठी घराण्यातले. या परक्या शहरात त्यांनी तिला लेकीसारखं जपलं होतं. आणि तिला नोकरीत कायम करणंही त्यांच्याच हातात होतं.

शरण्या नावाची मुलगी आत आली. काम होतं गाड्यांच्या ब्रेकचे प्रोग्राम लिहिण्याचं. पण राजगोपालांनी इंग्रजीत विचारलं, "घर कुठे?"

"जॉर्ज टाउन, सर."

"कोणत्या गल्लीत? वडील काय करतात?"

शरण्याने गल्ली सांगितली. "वडील सफाई कामगार आहेत," म्हणताना तिचा आवाज खोल गेला. नंतरच्या सोप्या प्रश्नांनाही ती अडखळू लागली.

राजगोपाल हसत रुचिराकडे वळले. शरण्याला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "रुचिराम्मा, ही अपल्यांतली नव्हे. मार्क कमी घाल, सरी? ठीक?"

इतक्या मायेच्या भाषेत हे ऐकावं लागेल, असं रुचिराला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मान हलवली असती तर सगळं सोपं होतं.

तिने शरण्यापुढे पाणी सरकवलं. "घाई नाही. चालत्या गाडीत एका चाकाचा वेग अचानक शून्य दिसला. काय कराल? तुम्हाला हवं ते मला विचारा."

शरण्याने पाण्याचा घोट घेतला. मग तिने विचारलं, "चाक खरंच थांबलं, की वायर तुटली? बाकीची तीन चाकं काय सांगतात?" बोलता बोलता तिने खडू उचलला आणि फळ्यावर आकृती काढत सगळी तपासणी मांडली.

"कमी घाल म्हटलं ना?" राजगोपाल पुन्हा मराठीतच कुजबुजले.

रुचिराने उत्तर मात्र इंग्रजीत दिलं, शरण्यालाही कळेल असं. "नाही, सर. तिच्या उत्तराला योग्य तेवढेच मार्क मी देणार. आणि गल्ली विचारून जात काढणं इथे बंद व्हायला हवं."

शरण्याने मान खाली घातली.

रुचिराने त्याच दुपारी लेखी तक्रार दिली. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी शरण्याची पुन्हा मुलाखत घेतली आणि तिला नोकरी मिळाली. रुचिराला कायम केल्याचं पत्र मात्र आलं नाही. राजगोपाल आता तिच्याशी मराठीत बोलत नाहीत. तरी पुढच्या मुलाखतींना बसायला कोण तयार आहे, असं विचारलं गेलं, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला.

त्या खोलीत आपण असतो, तर आपली मान होकारात हलली असती की नकारात?