मेव्हण्याचा माल

सुप्याच्या एमआयडीसीत पांढरा रंग बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत सिल्व्हिया भिंगारदिवे एकटीच, हाताखाली गोरक्षनाथ. गोरक्षनाथ कर्जतकडचा, शिक्षण सातवी. पण चक्कीचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस.

रंग दळायच्या चक्कीत पाती नसतात, चिनीमातीसारखे कडक पांढरे गोळे असतात. पिंप फिरलं की ते एकमेकांवर आपटतात आणि मधे सापडलेला रंग बारीक होतो. गोळाच कच्चा असला तर त्याचीच पूड रंगात उतरते. म्हणून नवे गोळे घेण्याआधी तीन नमुने ताडून बघायचं ठरलं. एक नेहमीच्या अ‍ॅल्युमिनाचा, दुसरा महागड्या झिरकोनियाचा आणि तिसरा ओंकारचा. ओंकारचाही अ‍ॅल्युमिनाच, पण त्याच्या म्हणण्यानुसार 'पेशल'. ओंकार हा मॅनेजर अजिनाथ लगडसाहेबांचा सख्खा मेव्हणा.

"टेस्ट काय, करायची म्हणून करायची," साहेब म्हणाले. "गुरुवारी मालकीण, रेश्मा मॅडम येणार आहेत. ओंकारचा माल पुढे दिसला पाहिजे."

"दिसला तर दिसेल, सर," सिल्व्हिया म्हणाली.

तिने तीन सारख्या बरण्या घेतल्या, सारख्याच उंचीपर्यंत गोळे तोलून भरले, एकाच पिंपातला रंग ओतला, नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बरण्या आडव्या करून फिरत्या रुळांवर सोडल्या. दोन दिवस खोलीत नुसती घरघर.

बुधवारी दुपारी दोघं जेवून आली तर घरघर थांबलेली. "मीच बंद केलं, झालं असेल म्हटलं," साहेबांनी दारातूनच सांगितलं आणि घाईने निघून गेले. गोरक्षनाथने ओंकारच्या नावाची बरणी उचलली आणि तो मधेच थबकला.

"ताई, सोमवारी ही बरनी मी एका हातानं ठेवल्ती. आज पाट्यावानी जड लागतीया. दोन दिसांत काय खाल्लं हिनं?"

सिल्व्हियाने झाकण काढलं. आतले गोळे मोत्यासारखे चकचकीत. हा झिरकोनिया; अ‍ॅल्युमिनाच्या दीडपट-पावणेदोनपट जड. मग तिने 'झिरकोनिया' लिहिलेली बरणी उघडली. त्यात ओंकारचे गोळे दमून बसले होते, टवके उडालेले, अंगाची पूड झालेली. चिठ्ठ्यांचा डिंक अजून ओला होता. आणि टेबलावर साहेबांचा चष्मा.

"ह्यो बगा चोर!" गोरक्षनाथ म्हणाला. "चला, दावू मॅडमला."

सिल्व्हियाने नकारार्थी मान हलवली. मागच्या वर्षी अशीच एक तक्रार तिने केली होती, तेव्हा साहेबांनी भर मीटिंगमध्ये "सिल्व्हियाची नजरचूक झाली असेल" म्हणून तिलाच गप्प केलं होतं. तो घोट अजून उतरला नव्हता. मग तिच्या गालाला खळी पडली.

"चष्मा तेवढा देऊन या, दादा. कँटीनमध्ये सापडला म्हणा."

तिने गोळे धुतले, वाळवले, तोलले, रंग मोजपट्टीवर ओढून कण किती बारीक झालेत ते पाहिलं. खरे आकडे वहीत लिहिले. चिठ्ठ्यांना मात्र हात लावला नाही. मग नगरला ओंकारला फोन लावला. "अभिनंदन, तुमचा नमुना पहिला आलाय. उद्या अकराला या, मॅडमना भेटायचंय."

गुरुवारी ओंकार नवा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन हजर. त्याला पाहून साहेबांचा चेहरा उतरला. "तू कशाला आलास?"

"बोलावलं की, दाजी!"

रेश्मा मॅडमनी तिन्ही बरण्या आणि त्यांच्यापुढे ताटल्यांत काढून ठेवलेले गोळे बघितले. "पहिला कोण?"

"ह्या ताटलीतला," सिल्व्हियाने गंभीरपणे दाखवलं. "बरणीवर चिठ्ठी ओंकार यांच्या नावाची आहे. झीज जवळजवळ नाहीच, आणि रंगही सगळ्यांत बारीक."

"वा!" मॅडम खूश झाल्या. "ओंकार, मग हाच माल द्या. पाच टन. तुम्ही कळवलेल्याच दराने. आत्ता लिहून द्या, की हुबेहूब हाच गोळा येईल."

ओंकारने हसत हसत एक गोळा उचलला. हात खाली गेला. त्याने गोळा उजेडात धरला, नखाने घासला, दुसरा उचलला. कपाळावर घाम आला. टेबलाखाली साहेबांचा बूट त्याच्या नडगीवर आपटला.

"लिही ना," साहेब दात आवळून म्हणाले.

"काय लिहू, दाजी? ह्यो झिरकोनिया हाय!" ओंकारची शहरी भाषा पार गावाकडे पळाली. "ह्या भावात पाच टन दिला तर घर-शेत इकावं लागंल मला! मॅडम, ह्यो माल माझा न्हाई. आईशप्पथ न्हाई!"

"मग तुमचा कुठला?"

ओंकारने कोपऱ्यातल्या ताटलीकडे बघितलं आणि नाइलाजाने बोट दाखवलं. "त्यो. झिजलेला."

गोरक्षनाथला एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

"चिठ्ठ्या... वाऱ्याने उडाल्या असतील," साहेब पुटपुटले.

"आणि वाऱ्याने डिंकही लावला?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "लगडसाहेब, तुमच्याशी मी नंतर बोलते. सिल्व्हिया, वही आणा."

सिल्व्हियाने वही वाचली. ओंकारच्या गोळ्यांचं वजन शंभर ग्रॅमला चार ग्रॅम घटलं होतं. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनाचं जेमतेम ग्रॅमचा दहावा भाग. झिरकोनिया सगळ्यांत सरस, पण मोठ्या चक्कीची मोटर एवढं वजन ओढणार नाही. तेव्हा मोठ्या चक्कीत जुनेच गोळे राहू द्यावेत आणि उंची रंगाच्या छोट्या चक्कीत झिरकोनिया घालावा. मॅडमनी दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि तसंच ठरवलं.

खाली आवारात मेव्हणा-दाजींची चांगलीच जुंपली होती.

"माझंच नाव घालवलं तुमी! आत्ता फोन लावतो तायडीला!"

"अरे, तिला नको! ओंकार, ऐक तरी!" लगडसाहेब त्याच्या गाडीमागे गेटपर्यंत धावले.

खिडकीतून सिल्व्हिया आणि गोरक्षनाथ बघत होते. ओंकार पेढ्यांचा पुडा वरच विसरून गेला होता. गोरक्षनाथने तो उघडला, एक पेढा ताईंपुढे धरला, एक तोंडात टाकला.

"ह्यो माल मातर चांगला हाय," तो म्हणाला.